एक्केचाळिसावा रकाना

जानोरकर सरांच्या खिशात पेन कधीच नसायचं. हुद्दा नगररचनाकाराचा, दिवसभर सह्यांचं काम, आणि सहीची वेळ आली की हा माणूस समोरच्यापुढे हात पसरणार. खिशात असायची एक शिसपेन्सिल, तीही ब्लेडने तासून तासून बोटभर उरलेली. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "पेनाने हुकूम निघतो, निकम. हुकूम निघाला की विचार थांबतो. मला अजून विचार करायचाय." एवढं बोलून माझंच पेन घेऊन त्यांनी माझ्या रजेच्या अर्जावर सही केली आणि पेन आपल्या टेबलावर ठेवून घेतलं. अशी माझी निदान दहा पेनं त्या टेबलाच्या खणात गेली असतील. मागायची सोय नव्हती, कारण आपण ती घेतली हे त्यांच्या गावीही नसायचं.

दिसायला उंच, पाठीत जरा वाकलेले. डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून कोणी बोलायला लागलं की डोकं उजवीकडे कलवून उजवा कान पुढे करायचे. नवख्याला वाटायचं, सर आपलं फारच मनापासून ऐकताहेत. ते खरंही होतं. शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना "तुम्ही". आमचे शिपाई पोपटराव वैतागून म्हणायचे, "सर मला अहो-जाहो करतात ना, लय अवघडल्यासारखं व्हतं. एकदा तरी 'ए पोपट' म्हना म्हनावं!" सर तेवढं कधी म्हणाले नाहीत.

मी पिंपळगाव बसवंतची. वडील द्राक्षाच्या पॅकहाउसवर कामाला होते, आणि आमच्या घरात सरकारी नोकरी लागलेली मी पहिली. सर्वेक्षण सहायक म्हणून सरांच्या हाताखाली रुजू झाले, तेव्हा गोठणवाडीचं काम चाललं होतं. नाल्याकाठची ही जुनी वस्ती उठवून तिथल्या लोकांना अंबडच्या पलीकडे नव्या इमारतींत घरं द्यायची होती. घरोघर जाऊन तक्ता भरायचा. नाव, वय, धंदा, शिधापत्रिका, वास्तव्याचा पुरावा, असे छापील चाळीस रकाने. पण सरांनी माझ्या हातात गठ्ठा दिला तेव्हा प्रत्येक कागदाच्या तळाशी पेन्सिलीने आखलेला एक जादा रकाना होता. त्यात त्यांच्या बारीक अक्षरात प्रश्न: "बाहेरगावी जाताना किल्ली कोणाकडे ठेवता?"

शंभरावर कागदांवर तो प्रश्न त्यांनी स्वतः लिहिला होता. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. तेव्हा ते जेमतेम पन्नाशीचे होते, पण मी बावीसची होते.

पहिल्याच दिवशी मी तोंडघशी पडले. सतरा नंबरच्या घरात अलकाबाई सोनवणे राहायच्या. नवरा वारलेला, स्वतः अंबडच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायच्या. चाळीस प्रश्नांची उत्तरं त्यांनी भांडी घासता घासता दिली. एक्केचाळिसावा ऐकला आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"किल्लीचं कशाला पायजे तुमाला? चोरी झाली का कुठं?"

"नाही हो. सरांनी विचारायला सांगितलंय."

"शबानाभाभीकडं असती. शेजारी, अठरा नंबर. समद्या गल्लीच्या किल्ल्या तिच्याकडंच असतात." मग हसून म्हणाल्या, "आन तिची माझ्याकडं. ती माहेरी गेली मालेगावला, तर तिच्या कोंबड्यांना दाणे कोण टाकनार?"

शबानाभाभींच्या दाराआड एक फळी होती. तिच्यावर रांगेने खिळे, आणि खिळ्यांना किल्ल्या. कोणत्या घराची कोणती, यावर काही लिहिलेलं नव्हतं. भाभींना विचारलं, तर "उसमें क्या लिखने का, मालूम रहता है" म्हणाल्या.

ऑफिसात येऊन मी हे सांगितलं तेव्हा सर खुर्चीवरून उठलेच. मोठा कागद टेबलावर पसरला, प्रत्येक घराचा एक ठिपका काढला, आणि माझ्या तक्त्यांवरून रेघा ओढायला बसले. ज्याची किल्ली ज्याच्याकडे, तिकडे रेघ. चार दिवस तेच. नालेदुरुस्तीच्या फायली तुंबल्या, दोनदा वरून फोन आले. पाचव्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "बघा. आपल्या नकाशात ही वस्ती म्हणजे पत्र्यांचा ढीग आहे. खरी वस्ती ही."

मी बघितलं. कागदभर रेघांचं जाळं, आणि अठरा नंबरच्या ठिपक्यावर रेघांची गर्दी. दुसरीकडे एक कोपरा होता जिथे चार घरांना एकही रेघ नव्हती. सरांनी तिथे पेन्सिल टेकवून ठेवली. "यांचं काय होत असेल हो?" ते बराच वेळ त्या चार ठिपक्यांकडेच बघत होते.

ही त्यांची खोड कुठून आली, ते त्यांनीच एकदा डबा खाताना सांगितलं. घराणं पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांचं. वडील यात्रेकरूंची पूजा सांगायचे, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्यांचे चोपडे होते. कोण कुठून आलं, कोणासोबत आलं, कोणाचा नातू, कोणाची सून, सगळं लिहिलेलं. लहानपणी सर ते वाचत बसायचे. "वडील त्यात गोत्र बघायचे. मी बघायचो, कोण कोणासोबत आलंय. पुढच्या खेपेला त्यातलं कोण आलं नाही." पुढे नोकरीत असताना बिनपगारी रजा घेऊन दोन वर्षं पुण्याला त्यांनी सामाजिक व्यवस्थांच्या सिद्धान्ताचा अभ्यास केला. तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली दोन जाडजूड इंग्रजी पुस्तकं कायम टेबलावर असायची. त्या रजेपायी ज्येष्ठता गेली आणि बढती मागच्याला मिळाली. "बढती गेली, पण कान आले," असं म्हणायचे, आणि उजव्या कानाला हात लावायचे.

त्या जाड पुस्तकांतलं मला त्यांनी जे सांगितलं, ते अगदी घरगुती होतं. समाज माणसांचा बनलेला नसतो, बोलण्याचा बनलेला असतो. बोलणं जिथून निघून जिथे पोचतं, तितकाच समाज. आणि शहर चालवणारी जी खाती आहेत, त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारता येतो. विधीवाले विचारणार, नियमात बसतं की नाही. लेखावाले विचारणार, तरतूद आहे की नाही. पुढारी विचारणार, याने खुर्ची राहील की जाईल. "तुम्ही त्यांच्यापुढे जाऊन रडलात तरी त्यांना तेवढंच ऐकू येणार. त्यांना वाईट म्हणू नका, निकम. त्यांचे कान तेवढेच आहेत. बहिऱ्यावर चिडून काय करता? मी आहे ना अर्धा बहिरा."

म्हणून त्यांनी एक कला कमावली होती. एकच गोष्ट ते चार खात्यांना चार तऱ्हांनी लिहायचे. गोठणवाडीच्या नव्या इमारतींच्या आराखड्यात त्यांना पिठाची गिरणी हवी होती. दळण टाकून बायका तिथे अर्धा तास उभ्या राहतात, आणि त्या अर्ध्या तासात अख्ख्या इमारतीची खबर फिरते, हे त्यांचं कारण. पण हे कारण कोणाला सांगणार? वीजवाल्यांना त्यांनी लिहिलं, "तळमजल्यावर तीन-फेज जोडणीचा यंत्रकक्ष." आरोग्यवाल्यांना लिहिलं, "धान्य साठवणीतील कीड टाळण्यासाठी उपाययोजना." विधीवाल्यांना, "दैनंदिन गरजेची सुविधा." तिघांनीही मान डोलावली. मंजुरी आली त्या दिवशी सरांनी पोपटरावांना सगळ्यांसाठी कचोरी आणायला पाठवलं आणि स्वतः खिडकीशी उभे राहून एकटेच हसत होते. त्यांचं आनंदात असणंही जरा एकट्याचंच असायचं.

त्यांच्या पत्नी सुधाताई एकदा ऑफिसात आल्या होत्या. सर मीटिंगला गेलेले, म्हणून माझ्या टेबलाशी बसल्या. हसतमुख बाई. म्हणाल्या, "तुमच्या सरांना चार खात्यांच्या भाषा येतात म्हणे. घरी आले की कुठल्या खात्यात असतात, ते मला अजून कळलेलं नाही." त्यांना मूलबाळ नव्हतं. पुढे त्या सहज म्हणाल्या, "ऐकतात मात्र सगळं." हे सांगताना त्यांचा आवाज मऊ झाला होता.

आता ते सांगितलं पाहिजे, जे सांगायला मला आजही जड जातं.

नव्या इमारतींतली घरं सोडतीने द्यायची होती. चिठ्ठी निघेल ते घर. सरांचं म्हणणं होतं, चिठ्ठी एकेका घराची नको, किल्लीच्या गटांची काढा. ज्यांच्या किल्ल्या एकमेकांकडे, ती घरं एका मजल्यावर जाऊ द्या. गट कुठल्या इमारतीत जाईल ते नशिबावर सोडा, पण गट फोडू नका. त्यासाठी त्यांनी तो रेघांचा नकाशा प्रस्तावाला जोडायचं ठरवलं. जोडताना माणसांची नावं मुद्दाम काढून टाकली. "कोणाचं कोणाशी पटतं, हे कशाला चव्हाट्यावर आणायचं?" म्हणून फक्त घर क्रमांक ठेवले. आणि पेन्सिलीचा नकाशा फायलीला चालत नाही, म्हणून त्यावर शाई मी चढवली. माझं अक्षर चांगलं होतं. दोन दिवस बसून मी एकेक रेघ गिरवली.

प्रस्ताव दोन ओळींत नामंजूर झाला. "गट ही संज्ञा नियमांत नाही." त्याचं सरांना एवढं वाईट वाटलं नाही. ते म्हणाले, भाषा चुकली, पुढच्या वेळी दुसरी शोधू. पण नकाशा फायलीतच राहिला. ती फाईल पुढे पात्रता छाननीकडे गेली. छाननीवाल्यांना एकच प्रश्न येत होता: कुटुंब एक की दोन? कारण नियम होता, एका कुटुंबाला एकच घर. त्यांनी आमचा नकाशा बघितला, आणि ज्या दोन घरांत रेघ जाते आणि परतही येते, तिथे शेरा मारला, "परस्परांच्या किल्ल्या परस्परांकडे. सबब एकच कुटुंब."

घर क्रमांक सतरा व अठरा, एकच कुटुंब. अशा सात जोड्या.

नावं असती तर सोनवणे आणि शेख एका कुटुंबात कसे, असं कोणाला तरी वाटलं असतं. नावं आम्हीच काढली होती. प्रत्येक जोडीतल्या पहिल्या अर्जदाराला घर मिळालं, दुसरा अपात्र. शबानाभाभींचा अर्ज आठवडाभर आधीचा होता. त्यांना तिसऱ्या इमारतीत घर मिळालं, अलकाबाईंना नाही.

यादी लागली त्या दुपारी अलकाबाई ऑफिसात आल्या. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. सरांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. सर उठून उभे राहिले, बसा म्हणाले. त्या बसल्या नाहीत.

"तुमी इचारलं म्हणून सांगितलं, सर," त्या म्हणाल्या. "नायतर किल्लीचं काय सांगायचं असतंय का कोणाला?"

आणि निघून गेल्या. सरांचा हात खिशाकडे गेला, पेन्सिल काढली, परत ठेवली. त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

पुढची चार वर्षं त्या सात घरांसाठी या माणसाने जे केलं, ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. अपील, सुनावणी, प्रतिज्ञापत्र, पुन्हा अपील. प्रत्येक सुनावणीत एकच उत्तर मिळायचं, "पुरावा तुमच्याच कार्यालयाने दिला आहे." सर म्हणायचे, "तो पुरावा नाही, शेजार आहे." शेजार हा शब्द टंकलेखक लिहायचा, पण आदेशात कधी उतरायचा नाही. दरम्यान वस्ती उठली. अलकाबाई अंबडला एका पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहायला लागल्या. शबानाभाभींनाही त्या तिसऱ्या इमारतीत करमेना. त्या घराला कुलूप लावून मालेगावला भावाकडे निघून गेल्या. किल्ली कोणाकडे ठेवली, ते कोणी विचारलं नाही. मधल्या काळात दुसऱ्या एका वस्तीच्या सर्वेक्षणाला मी गेले, तेव्हा बातमी आमच्या आधी पोचलेली होती. दारोदार एकच उत्तर मिळालं, "आमी किल्ली कोनाकडंच ठेवत नाय." सरांनी ते तक्ते हातात घेतले, सगळे चाळले, आणि म्हणाले, "हे मी केलं, निकम." मी म्हटलं, शाई माझी होती. त्यांनी मान हलवली, पण ते ऐकू आलं की नाही, कोण जाणे. डाव्या बाजूने बोलले होते मी.

निवृत्तीच्या आदल्या महिन्यात शेवटचा आदेश निघाला आणि सातही जणांना घरं मिळाली. अलकाबाईंचं चौथ्या मजल्यावर. सर पेढे घेऊन गेले. अलकाबाईंनी पेढा घेतला, पाणी दिलं, पण बोलल्या नाहीत. नव्या घरात त्या कोणाची किल्ली ठेवून घ्यायच्या नाहीत, आणि आपली कोणाला द्यायच्या नाहीत.

निवृत्तीनंतर वर्षाच्या आतच सुधाताई गेल्या. गंगापूर रोडच्या बाजूला एका नव्या सोसायटीत सरांचा फ्लॅट होता, चकचकीत, लिफ्टचा. मी कधीमधी जायचे, पण माझं घर नाशिक रोडला, नवऱ्याची नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीची, मुलांच्या शाळा. कधीमधी म्हणजे वर्षातून दोनदा, हे खरं. ऑफिसात सिंहस्थाच्या कामांची धांदल सुरू झाली, तेव्हा तेही राहिलं.

एकदा गेले तेव्हा त्यांनी एक गंमत म्हणून सांगितली. कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आले, आणि वाऱ्याने दार मागे लागलं. लॅचचं कुलूप, किल्ली आत. जिन्यावर बसून राहिले. येणारे-जाणारे बघायचे. कोणी म्हणालं, "आजोबा, लिफ्ट बंद आहे का?" कोणी म्हणालं, "पार्सलची वाट बघताय?" कोणी वाईट बोललं नाही. शेवटी वॉचमनने कुलूपवाला बोलावला, तोवर तीन तास गेले. सांगताना सर हसत होते. मीही हसले. मग त्यांनी डोकं उजवीकडे कलवलं आणि फार सावकाश म्हणाले, "एक जादा किल्ली करून घेतलीये. कोणाकडे तरी ठेवावी म्हणतो."

मला कळायला हवं होतं. मीच ना ते शंभर तक्ते भरले होते? पण मी घड्याळाकडे बघत होते. सिटी बसची वेळ झाली होती. मी म्हटलं, "वॉचमनकडे देऊन ठेवा ना, सर. सगळे तसंच करतात."

"हो, हो. बरोबर आहे," ते म्हणाले, आणि मला लिफ्टपर्यंत सोडायला आले.

पुढच्या उन्हाळ्यात मला गोठणवाडीकरांच्या नव्या इमारतींच्या पाहणीला जावं लागलं. तिथल्या बसथांब्यावर बघते तर सर, खांद्याला कापडी पिशवी. मला बघून जरा दचकलेच. "बाहेरगावी निघालोय," म्हणाले. कुठे, विचारलं, तर इकडेतिकडे बघून म्हणाले, "असंच. चार दिवस." पिशवी पार सपाट होती. बस आली, ती शहरात परत जाणारी होती, तिच्यातच चढले.

वर चौथ्या मजल्यावर अलकाबाईंनी दार उघडलं. दाराआड नव्या भिंतीत एकच खिळा, आणि त्याला एक किल्ली.

"सरांची हाय," माझी नजर बघून त्या म्हणाल्या. "पयल्यांदा आले तवा मी सरळ नाय म्हनाले. म्हटलं, किल्लीनं माझं घर गेलं, आता नाय. ते म्हनाले, 'बरोबर आहे तुमचं.' दारातूनच गेले. आठ दिवसांनी पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले, तवा जिना चढून एवढी धाप लागलेली, मलाच कसंतरी झालं. घेतली ठेवून."

"कुठे जातात पण?"

"कुठंच नाय जात. मला काय कळत नाय व्हय? दोन बशी बदलून किल्ली ठेवायला येतात, चार दिवसांनी न्यायला येतात. दोन्ही टायमाला च्या होतो. येऊ द्या. तेवढंच."

मी खाली गिरणीशी उतरले. तिथे पाट्या आणि डबे रांगेने ठेवलेले, बायका बोलत उभ्या. मला एकदम रडू आलं. सगळ्या शहरात कोण कोणाशी बोलतं ते ज्याने मांडलं, त्याच्यासाठी मी एक खिळा ठोकू शकले नव्हते.

पावसाळा संपता संपता एका सकाळी अलकाबाईंचा फोन आला. सर किल्ली न्यायला बुधवारी यायचे होते, आले नाहीत. गुरुवारी कामावरून सुट्टी घेऊन त्या दोन बस बदलून गंगापूर रोडला गेल्या. बेल वाजवली, उत्तर नाही. शेजारी म्हणाले, गावाला गेले असतील. वॉचमन म्हणाला, बाबा कालपासून दिसले नाहीत खरे. अलकाबाईंनी पदराची गाठ सोडून किल्ली काढली आणि दार उघडलं. सर न्हाणीघरात पडलेले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. शुद्ध होती. त्यांना बघून म्हणाले म्हणे, "आज गुरुवार ना? माझा उशीर झाला."

त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. पण त्या दिवशी हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

मी रुग्णालयात पोचले तेव्हा अलकाबाई नोंदणीच्या खिडकीपाशी अडून उभ्या होत्या. आतली मुलगी शस्त्रक्रियेचा अर्ज भरत होती आणि एका रकान्यावर थांबली होती: रुग्णाशी नातं.

"नातं काय नाय," अलकाबाई म्हणत होत्या. "किल्ली माझ्याकडं असती."

"मावशी, असं नाही लिहिता येत. बहीण, वहिनी, काहीतरी सांगा. रकाना मोकळा ठेवता येत नाही."

त्या मुलीचा काय दोष? तिच्या खिडकीला तेवढंच विचारता येत होतं. मी अर्ज ओढून घेतला. इतकी वर्षं सरांजवळ बसून एक गोष्ट शिकले होते, समोरच्याला ऐकू येईल अशा भाषेत लिहायचं. पर्समधून पेन काढलं आणि त्या रकान्यात माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, "एकच कुटुंब."

"हां, असं सांगायचं ना मग," मुलगी म्हणाली, आणि शिक्का मारला.

अर्ज सरांच्या सहीसाठी वर वॉर्डात न्यायचा होता. ते उताणे पडले होते, फार लहान दिसत होते. अलकाबाई त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. कुठला कान चांगला, हे त्यांना माहीत होतं. मी कागद समोर धरला. सरांनी नेहमीसारखा हात पुढे केला आणि मी त्यात पेन ठेवलं. पण सहीआधी वाचायची त्यांची सवय. एकेक ओळ करत ते त्या रकान्यापर्यंत आले आणि थांबले.

तिथे पेन टेकवून म्हणाले, "निकम, हा शेरा चुकीचा होता."

"होता, सर. खोडू का?"

त्यांनी अलकाबाईंकडे बघितलं. त्या सरांच्या घराची किल्ली पदराच्या टोकाला पुन्हा बांधत होत्या, घट्ट, दोन गाठी मारून.

"पेनाने लिहिलंय ना?" सर म्हणाले. "मग राहू द्या."